खुनी कोण ते माहीत आहे

“यात खून कसा केला ते नीट दिलंय ना?” काटेसाहेबांनी विचारलं.

लायब्ररीवाल्याने पुस्तक त्यांच्या हातात दिलं आणि चष्म्याच्या वरून त्यांच्याकडे पाहिलं. “सिरियल नाही का बघितलीत? आत्ताच तर संपली.”

“बघितली. एकही भाग चुकवला नाही.”

“मग आता वाचून काय करणार काका? खुनी कोण ते माहीतच आहे.”

“खुनी कोण ते माहीत आहे. कसा केला ते बघायचंय. टीव्हीवर फार घाईघाईत उरकलं.”

“घरात कुणाचा काटा काढायचाय की काय?”

लायब्ररीवाला स्वतःच्याच विनोदावर खूश झाला. काटेसाहेब हसले नाहीत. पुस्तक तसं जुनं होतं, पण सिरियल गाजल्यावर नव्या कव्हरात आलेलं होतं. कव्हरवर सिरियलमधल्या नर्सचा फोटो होता, हातात औषधाची बाटली आणि ओठांवर ते बारीक हसू. काटेसाहेबांनी पुस्तक पिशवीत पालथं घातलं आणि त्यावर पावाची लादी ठेवली, म्हणजे घरी गेल्यावर बायकोच्या देखभालीला येणाऱ्या सिस्टरच्या नजरेला पडायला नको.

काटेसाहेब हे काही त्यांचं नाव नव्हे. सगळी नोकरी वजनमापे खात्यात गेली. ते बाजारात शिरले की ‘काटेसाहेब आले’ असा निरोप दुकानादुकानांतून पुढे जायचा, आणि ते पोचेपर्यंत सगळे तराजू सुतासारखे सरळ झालेले असायचे. निवृत्तीनंतर खुर्ची गेली, नाव राहिलं आणि खोडही राहिली. समोर माणूस आला की हा मापात किती मारत असेल, हा विचार त्यांच्या मनात आधी यायचा आणि नमस्कार मागून. बायको म्हणायची, “माझ्यावर पण एकदा खात्याचा शिक्का मारून घ्या, म्हणजे तुम्हाला शांत झोप लागेल.” तिची जीभ अशी तिखट होती. ती जीभ चालत होती तोवर काटेसाहेबांना घरात फारसं बोलावं लागलं नाही.

आता ती जीभच लुळी पडली होती. झटका आला, उजवी बाजू गेली, शब्द गेले. गोळ्या गिळता येत नव्हत्या म्हणून डॉक्टरांनी पातळ औषध दिलं होतं, काळपट तपकिरी, चिकट. सकाळी एक चमचा, संध्याकाळी एक चमचा. ते द्यायला, तिला पुसायला, उठवायला, भरवायला नर्सिंग ब्युरोमार्फत सिस्टर आली. हाडापेराने मजबूत, मोठ्याने हसणारी बाई. पहिल्याच आठवड्यात तिने बाहेरच्या खोलीतला टीव्ही उचलून आत आणायला लावला.

“काकूंनी काय दिवसभर छत बघायचं? छतावर काही लागत नाही काका,” ती म्हणाली होती.

मग ती सिरियल सुरू झाली आणि दुपार झाली की तिघं त्या खोलीत बसू लागली. एका मोठ्या घरातली आजारी बाई मरते आणि घरातल्या प्रत्येकावर संशय येतो, अशी गोष्ट. सिस्टर शेंगा सोलत सोलत रोज नवा खुनी पकडायची. “तो माळी बघा, कसा नजर चोरतोय. मी सांगते, त्यानेच केलंय.” दुसऱ्या दिवशी माळी सुटायचा आणि वकील अडकायचा. काटेसाहेबही हिरिरीने आपला खुनी मांडायचे. बायको डावा हात जरासा उचलून घशातून आवाज काढायची, आणि सिस्टर म्हणायची, “काकू म्हणतायत, तुम्हा दोघांना काही कळत नाही.” आजारपण आल्यापासून त्या घरात हसू ऐकू आलं असेल तर ते त्या दुपारांमध्ये.

शेवटच्या भागात खुनी निघाली नर्स. रोज औषध थोडंथोडं जास्त द्यायची. सिस्टरने कपाळावर हात मारला. “घ्या. शेवटी आम्हालाच धरलं.” ती हसली, काटेसाहेबही हसले. पण संध्याकाळी ती घरी गेल्यावर ते आत गेले, औषधाची बाटली उजेडाकडे धरली आणि आत किती उरलंय ते बघितलं.

तेलाच्या पिंपात चोरी होत असेल तर बाहेरून पातळीला दोरा बांधायचा आणि गप्प बसायचं, ही त्यांची नोकरीतली जुनी युक्ती. शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा त्यांनी बाटलीभोवती गुंडाळला, बारीक गाठ मारली, आणि बाटली होती तशी पालथ्या ग्लासामागे ठेवून दिली. मग रोज संध्याकाळी बघायचं, हिशेब करायचा आणि दोरा नव्या पातळीला खाली सरकवायचा. जितके चमचे द्यायचे त्याच्या जवळजवळ दुप्पट औषध बाटलीतून कमी होत होतं. एकदा नाही, रोज. मापाच्या बाबतीत काटेसाहेबांची चूक होणं शक्य नव्हतं.

एकदा संशय आला की पुरावे आपण होऊन चालत येतात. औषध देताना सिस्टर खोलीचं दार लोटून घेते, हे आता त्यांना दिसलं. याआधी का दिसलं नाही, तर औषधाची वेळ झाली की काटेसाहेब गॅलरीत जायचे. तिथल्या कुंड्यांना पाणी घालायचे, घातलेलं असलं तरी परत घालायचे. बायकोचं तोंड वाकडं उघडतं आणि कुणीतरी त्यात चमचा घालतं, हे त्यांच्याने बघवत नसे. आता ते गॅलरीतूनच मान वळवून त्या लोटलेल्या दाराकडे बघू लागले. विचारायचं मात्र धाडस झालं नाही. विचारलं की चोर सावध होतो, हेही खात्यानेच शिकवलेलं.

म्हणून हे पुस्तक. नर्सने नेमकं काय केलं, कुणाला कशावरून कळलं, सगळं सविस्तर वाचून मगच पाऊल उचलायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

वाचन गॅलरीत सुरू झालं. आधी टीव्हीवर बघितलेली गोष्ट नंतर वाचायला घेतली की माणूस पुस्तक वाचतच नाही, पुन्हा टीव्हीच बघतो. पुस्तकातली नर्स सावळी, उंच, थोडी अबोल आहे असं लेखकाने सरळ लिहिलेलं होतं. काटेसाहेबांच्या डोळ्यांसमोर मात्र कव्हरवरचीच बाई चालत होती, त्याच हसण्यासकट. नर्सने चहा केला की यांना तो विषारी वाटायचा. नर्स आजारी बाईचे केस विंचरायला बसली की ‘बघा, कशी विश्वास मिळवतेय’ असं ते मनात म्हणायचे. त्या घरातल्या दिराबद्दलची पानं त्यांनी भराभर उलटली. रोज संध्याकाळी वहिनीची विचारपूस करायला येणारा गोड म्हातारा. सिरियलमध्ये तो एका लाडक्या नटाने केला होता आणि त्याच्यावर कुणाचाच संशय नव्हता. मग त्याच्यावर वेळ कशाला घालवायचा?

पुस्तक निम्मं झालं तेव्हा एक प्रसंग आला. नर्स पोलिसांपासून काहीतरी लपवते, आणि ते बोलून दाखवायला नकार देते. काटेसाहेबांनी पुस्तक मिटलं. आता वाट बघण्यात अर्थ नाही, असं त्यांना वाटलं. सिस्टर गेल्यावर त्यांनी ब्युरोच्या बाईंना फोन लावला.

“आम्हाला माणूस बदलून हवं होतं.”

“का हो? तक्रार आहे का काही?”

“नाही, तक्रार अशी नाही.” काटेसाहेब थांबले. “पण...”

“कळलं,” बाई म्हणाल्या. “बोलते मी तिच्याशी.”

काय कळलं ते त्यांनी विचारलं नाही. आपण कुणाचं नाव घेतलं नाही, काही आरोप केला नाही, सगळं नीट निभावलं, याचं त्यांना समाधानच वाटलं. त्यांना चांगली झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सिस्टर नेहमीच्या वेळी आली. बायकोला पुसलं, कपडे बदलले, खिडकीकडे तोंड करून बसवलं. हसली नाही. काटेसाहेबांना वाटलं, बाईचं डोकं दुखत असेल. दुपारी ते उरलेलं पुस्तक घेऊन गॅलरीत बसले, आणि चहा गार होईपर्यंत तिथेच बसून राहिले.

नर्स खुनी नव्हती.

त्यांनी आधी पानं चुकली असावीत असं धरलं. मागे जाऊन परत वाचलं. कव्हर बघितलं, नाव बघितलं. पुस्तक तेच होतं. खून त्या गोड म्हाताऱ्या दिराने केला होता. नर्सने लपवलं होतं ते आजारी बाईचंच एक गुपित, आणि ते तिच्या मृत्यूनंतरही उघड करणार नाही असा तिला शब्द दिलेला होता म्हणून लपवलं होतं. तिच्यावर संशय का आला? कारण घरातल्या प्रत्येकाला कुणीतरी बाहेरचं माणूस हवं होतं. आणि तो हुशार पोलीस अधिकारी शेवटी करतो काय, तर औषधाच्या वेळी जाऊन आजाऱ्याच्या खोलीत उभा राहतो. बस, एवढंच. त्या घरातल्या कुणीही एकदाही केलं नव्हतं ते.

काटेसाहेब पायात चपला अडकवून तडक लायब्ररीत गेले.

“हे वेगळंच आहे,” ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. “टीव्हीवर नर्स होती.”

“बदललं की त्यांनी. तुम्हाला माहीत नाही?” लायब्ररीवाला पुस्तकं लावता लावता म्हणाला. “त्या म्हाताऱ्या नटाला लोक डोक्यावर घेतात. त्याला खुनी दाखवला असता तर लोकांनी टीव्ही फोडले असते. मग काय, नर्सला धरलं. तिच्या बाजूने कोण भांडायला येणार?”

काटेसाहेबांनी पुस्तक टेबलावर ठेवलं. त्यांचे कान गरम झाले होते. आयुष्यभर दुसऱ्यांची वजनं तपासली आणि स्वतः मात्र एका नटाच्या लोकप्रियतेवर माणूस तोलला, हे त्यांच्या लक्षात यायला लागलं होतं. तरीही मनाचा एक कोपरा अजून म्हणत होता, बाटलीतलं औषध कमी होतंय ते होतंय, ते काही सिरियलवाल्यांनी बदललेलं नाही.

ते परतले तेव्हा औषधाची वेळ झाली होती. दार लोटलेलं होतं. काटेसाहेब गॅलरीकडे वळले, मग थांबले. दाराला पुरेशी फट होती. ते त्या फटीशी जाऊन उभे राहिले.

सिस्टरने बायकोला उशांना टेकवून बसवलं होतं, हनुवटीखाली रुमाल पसरला होता. “आ करा राणी,” ती हळू आवाजात म्हणाली. चमचा तोंडात गेला. अर्धं औषध लगेच ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून बाहेर आलं, हनुवटीवरून ओघळलं, रुमालावर पसरलं. सिस्टरने तिच्या गळ्यावरून बोट वरून खाली फिरवलं, उरलेलं गिळेपर्यंत थांबली, तोंड पुसलं. “गेलं की. आता सांडलं तेवढंच परत घेऊ हं.” तिने बाटलीतून पुन्हा अर्धा चमचा भरला. पुन्हा थोडं आत, थोडं बाहेर. ती रागावली नाही, घाईही केली नाही.

ते तपकिरी डागांचे रुमाल काटेसाहेबांनी मागच्या दोरीवर रोज वाळताना बघितले होते. चहाचे डाग असतील, असं त्यांना वाटलं होतं. बाटली त्यांनी रोज मोजली, रुमाल कधी मोजला नाही.

मग सिस्टरने ओल्या फडक्याने बाटली पुसायला घेतली. चिकट झालेली बाटली पुसताना दोरा निसटून खाली तिच्या बोटांवर आला. ती जराही दचकली नाही. बाटली पुसून झाल्यावर तिने दोरा परत वर चढवला, डोळे बारीक करून पातळी बघितली, आणि काल संध्याकाळी काटेसाहेबांनी जिथे ठेवला होता बरोब्बर तिथे नेऊन बसवला. गाठ पुढे होती ती पुढेच ठेवली. मग बाटली पालथ्या ग्लासामागे सरकवली.

काटेसाहेबांच्या हातून दार हललं. बायकोने बघितलं. हनुवटीखाली अजून तो रुमाल होता, ओठाच्या कोपऱ्यात औषध होतं, आणि नवरा दारात उभा होता. तिने डावा हात धडपडत वर नेला आणि तोंडावर धरला.

“काका, बाहेर थांबा जरा,” सिस्टर म्हणाली. “त्यांना नाही आवडत तुमच्यासमोर. म्हणून तर दार लोटते मी.”

काटेसाहेब मागे झाले. आपल्याला इतकी लाज यापूर्वी कधी वाटली होती ते त्यांना आठवेना. थोड्या वेळाने सिस्टर रुमाल घेऊन बाहेर आली.

“मला सांगायचं तरी,” ते म्हणाले.

“डॉक्टरांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. सांडेल तेवढं परत द्या म्हणून. तुम्ही गॅलरीत होतात.”

“दोरा...” काटेसाहेब म्हणाले.

“दोऱ्याचं काही नाही हो. एका घरी मालकीणबाई साखरेच्या डब्यात बोटाने रेघा मारून ठेवायच्या. सवय असते आम्हाला.” ती नळाखाली रुमाल चोळत होती. “वाईट कशाचं वाटलं सांगू? ती सिरियल आपण तिघांनी बसून बघितली होती. मी आपलं हसत होते तिकडे येड्यासारखी.”

काटेसाहेबांनी तिच्यासमोरच ब्युरोला फोन लावला. “काल मी बोललो ते चुकीचं होतं,” ते म्हणाले. “सिस्टरची काहीही चूक नाही. माणूस बदलायचं नाही. आणि हे तुम्ही लक्षात ठेवा, दुसरीकडे कुठे...”

“अहो, आता कशाला?” बाई म्हणाल्या. “मी सकाळीच तिला सांगितलं. तीच म्हणाली, आजचा दिवस करते आणि निघते. नवीन माणूस उद्या पाठवते मी. आणि साहेब, तुम्ही ‘पण’ म्हणून थांबलात ना, त्यावर मी काय समजायचं ते समजले. आता ते कसं पुसणार?”

म्हणजे सकाळपासून हिला माहीत होतं. सकाळपासून हिने पुसलं, भरवलं, केस विंचरले. काटेसाहेबांनी फोन ठेवला.

“राहा ना,” ते म्हणाले. “माझं चुकलं. पार चुकलं. तिच्यासाठी तरी राहा.”

सिस्टरने रुमाल पिळला, झटकला आणि दोरीवर टाकला. “काकूंसाठी राहिले असते,” ती म्हणाली. “पण उद्या त्यांना साधी उलटी झाली तरी तुम्ही आधी माझ्याकडे बघाल. तुम्ही नाही बघितलंत तरी मला तसंच वाटेल. मग माझा हात कापेल, आणि कापणाऱ्या हाताने काही भरवता येत नाही. नवीन बाईला ते गळ्यावरून बोट फिरवायचं दाखवा. वरून खाली. आणि घाई करू नका म्हणावं.”

ती आत गेली. काटेसाहेबही मागोमाग गेले, कारण बाहेर उभं राहायची आता हिंमत नव्हती. सिस्टरने बायकोची चादर सारखी केली, कपाळावरचे केस मागे सारले, कानाशी वाकून काहीतरी सांगितलं. बायकोने तिचं मनगट धरलं. बराच वेळ सोडलं नाही, मग सोडलं.

सिस्टरने आपली बॅग उचलली, ती पलंगाच्या पायथ्याशी ठेवली आणि चेन उघडली.

“बघून घ्या काका.”

“हे काय? नाही, नाही. काही गरज नाही.”

“ब्युरोचा नियम आहे. घर सोडताना बॅग दाखवूनच निघायचं. उद्या काही हरवलं तर नाव आमचंच येतं.”

“मी सांगतोय ना गरज नाही म्हणून.”

“तुम्ही आज सांगताय,” सिस्टर म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “बघा. खालपर्यंत बघा.”

किती दुकानांत काटेसाहेबांनी पोती उघडली होती, डबे उपडे केले होते, गल्ल्याखाली हात घातला होता. तो हात त्यांनी पुढे केला. वर घडी केलेले कपडे होते. ते उचलले. खाली जेवणाचा धुतलेला डबा, कंगवा, पिशवीत गुंडाळलेल्या रबरी चपला. अगदी तळाशी हाताला गोळ्यांची पट्टी लागली. ती बाहेर आली, आणि काटेसाहेबांच्या नकळत त्यांच्या डोळ्यांनी तिच्यावरचं नाव वाचलं.

“डोकेदुखीच्या आहेत,” सिस्टर म्हणाली. “माझ्याच.”

काटेसाहेबांनी पट्टी जागेवर ठेवली. कपडे परत ठेवताना घडी मोडली, त्यांनी ती घालायचा प्रयत्न केला, जमेना. सिस्टरने कपडे त्यांच्या हातातून घेतले, स्वतः घडी घातली आणि चेन ओढली. त्यांनी पलंगाकडे पाहिलं. बायकोने तोंड भिंतीकडे वळवलं होतं.